सीमेवरचा रोगी कुणाचा?

१७ जून १६३१ रोजी, तापीकाठच्या याच बऱ्हाणपुरात, हिंदुस्थानच्या सम्राज्ञीने बाळंतपणात प्राण सोडला. मुमताज महलचे ते चौदावे बाळंतपण. बादशहा शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी येथे तळ देऊन राहिला होता. त्याच्या पदरी हकीम होते, दाया होत्या, औषधांचे साठे होते आणि हुकूम सुटताच दौडणारे घोडेस्वार होते. तरीही ती वाचली नाही. तापीपलीकडे जैनाबादेत तिला तात्पुरते दफन केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्याला नेला. जगाने त्या मृत्यूचा ताजमहाल पाहिला; बऱ्हाणपूरच्या वाट्याला नुसता मृत्यू आला.

हा इतिहास आम्ही आज उगाळतो तो मिरवण्यासाठी खास नव्हे. त्या रात्री या शहरात माणसांची वाण नव्हती, पैशाची नव्हती, वाहनांचीही नव्हती. वाण होती ती विद्येची. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कसा थांबवावा हे तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर कोणालाच ठाऊक नव्हते. आज ते गावच्या नर्सबाईला ठाऊक आहे. गर्भाशय आकुंचन पावण्याचे इंजेक्शन, सलाईन, रक्त गोठण्यास मदत करणारे औषध आणि वाहिलेले रक्त मोजता यावे म्हणून अंगाखाली घालायचे एक साधे प्लास्टिकचे कापड! एवढ्या साहित्यानिशी, ठरलेल्या क्रमाने आणि वेळ न दवडता उपचार केले, तर गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटते, हे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांतील प्रयोगाने २०२३ साली सिद्ध केले. म्हणजे शाहजहानला साऱ्या दौलतीच्या मोलाने जे मिळाले नाही, ते आज शे-पाचशे रुपयांत मिळते. मग खकनारच्या डोंगरातली बाई अजून का मरते?

विद्या आली, पण विद्येपर्यंतची वाट आली नाही, हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. बऱ्हाणपुरात तर ती वाट मधोमध तुटलेली आहे, कारण तिच्यावरून एका राज्याची हद्द जाते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका संध्याकाळी आमच्या कचेरीच्या पायरीवर डोंगराकडचा एक शेतमजूर येऊन बसला. त्याच्या हातात तीन कागद होते. पावसाने भिजलेले, पुन्हा वाळवलेले. बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा त्याने तिला आधी जवळच्या केंद्रात नेले. तेथे पहिला कागद मिळाला, हिंदीत. तेथून मोठ्या दवाखान्यात; तेथे दुसरा कागद मिळाला, इंग्रजीत. तेथून ‘रेफर’ झाले. त्याचा मेहुणा महाराष्ट्रात, रावेरच्या बाजूला, केळीच्या बागेत कामाला. तिकडचा दवाखाना ओळखीचा आणि वाट सरळ. म्हणून तो तिकडे निघाला. पण सरकारी गाडीच्या चालकाने हात वर केले, ‘राज्याबाहेर जायची मला परवानगी नाही.’ मग केळी वाहणारी एक पिकअप गाडी मिळाली. केळीच्या पानांवर गोधडी टाकून बाईला निजवले. पलीकडच्या दवाखान्यात पोचल्यावर तिसरा कागद मिळाला, मराठीत. बाई वाचली. मूल गेले.

तो तक्रार घेऊन आला नव्हता. त्याला तिन्ही कागदांवर काय लिहिले आहे, एवढेच वाचून हवे होते. आम्ही वाचले. शेवटच्या कागदावर एक ओळ होती : ‘रुग्णास आणण्यास विलंब झाला.’ ती ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “भाऊ, मी कुठं उशीर केला?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते ज्यांच्यापाशी असावयास हवे, त्यांना तो प्रश्न विचारावा म्हणून आजचा हा लेख आहे.

थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी १९९४ साली माताभगिनींच्या मृत्यूची मीमांसा करताना तीन विलंब सांगितले. दवाखान्यात जावे की नाही हे ठरविण्यातला पहिला, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला दुसरा, आणि दवाखान्यात पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला तिसरा. साऱ्या जगातल्या आरोग्यखात्यांनी ही त्रयी मान्य केली आहे. त्या तराजूत आमच्या शेतमजुराला तोलून पाहा. पहिला विलंब त्याने केला नाही. कळा लागताच तो निघाला. दुसरा आणि तिसरा विलंब त्याच्या हातचा नव्हता. दोन दवाखान्यांनी त्याला पुढे ढकलले आणि एका सीमारेषेने त्याची गाडी काढून घेतली. तरीही कागदावर गुन्हेगार ठरला तो तोच! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते यालाच.

आणि आम्ही तर म्हणतो की सीमेवर चौथाही एक विलंब आहे. ‘हा रोगी आमचा नव्हे’ असे एका राज्याने दुसऱ्याला सांगण्यात जो वेळ जातो, तो हा चौथा विलंब. पुस्तकात त्याचे नाव नाही. बऱ्हाणपूरच्या खेड्यापाड्यांना मात्र तो पाठ आहे.

आता आकडे पाहू. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणीनुसार २०१८ ते २०२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. मध्य प्रदेशात १७३. त्याच नोंदणीप्रमाणे २०२० साली दर हजार जन्मांमागे महाराष्ट्रात १६ अर्भके वर्षाच्या आत गेली. मध्य प्रदेशात ४३. हे दोन राज्यांचे सरासरी आकडे आहेत, एकट्या आपल्या जिल्ह्याचे नव्हेत. पण ज्या दोन राज्यांच्या मध्ये नुसता एक दगड आहे, एकच नदी, एकच केळीचा पट्टा आणि एकच सातपुडा आहे, त्यांच्यात मातेच्या जिवाची किंमत पाचपट बदलावी, याचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

भोपाळचे अधिकारी म्हणतील, प्रमाणकांनुसार सारे मंजूर आहे. प्रमाणके आम्हांसही ठाऊक आहेत. डोंगरी आणि आदिवासी मुलखात दर ३ हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८० हजारांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र. २०११ च्या जनगणनेत बऱ्हाणपूर जिल्ह्याची वस्ती सुमारे साडेसात लाख. त्यांत शंभरात तीस आदिवासी. गणित सोपे आहे. पण इमारत म्हणजे दवाखाना नव्हे. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट जवळजवळ ८० टक्के होती. भूल देणारा नाही म्हणून शस्त्रक्रिया नाही. शस्त्रक्रिया नाही म्हणून ‘रेफर’. २०२३ साली उपकेंद्रे आणि प्राथमिक केंद्रे यांच्या पातळीवरच्या आरोग्य केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नवे नाव मिळाले. नावाशी आमचे भांडण नाही. पण पाटी बदलल्याने कुलूप उघडत नाही, आणि ज्या मंदिरात रात्री पुजारीच नसतो तेथे भक्ताने कोणाच्या पायरीवर डोके टेकायचे?

पैसा नाही, डोंगर दुर्गम आहे, ही सबब तर या जिल्ह्यात कोणी सांगूच नये. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून या शहरात आणले गेले. तो कुंडी भंडारा आजही आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो. चार शतकांनंतर, जुलै २०२२ मध्ये, याच बऱ्हाणपूरला ‘हर घर जल’ असे प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा म्हणून मान मिळाला. २५४ गावांत, डोंगरातल्या वस्त्यांसुद्धा, घरोघर नळ गेला. त्याचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. पण मग आमचा सवाल असा की, ज्या डोंगरावर नळ चढला त्या डोंगरावर नर्स का चढत नाही? जेथे प्रत्येक घराची यादी झाली, प्रत्येक तोटीची तपासणी झाली, ग्रामसभेने ठराव करून ‘पाणी आले’ असे लिहून दिले, तेथे ‘नर्सबाई रात्री हजर असते’ असा ठराव प्रत्येक ग्रामसभेकडून का घेतला जात नाही? इच्छा असली की डोंगर वाकतो, हे या जिल्ह्यानेच देशाला दाखविले आहे. अडते ते इच्छेपाशी.

येथे कोणी आम्हांस विचारील, ‘तुम्ही सीमेपलीकडचे गोडवे गाता, तेथे सारे आलबेल आहे काय?’ मुळीच नाही, आणि तसे म्हणणे ही जनतेची फसवणूक होईल. आपल्या खकनारला लागूनच मेळघाट आहे. तेथील कोरकू बालकांच्या कुपोषणाने आणि मृत्यूंनी १९९० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या विधिमंडळात आणि उच्च न्यायालयात वारंवार माना खाली घालावयास लावल्या. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यात आजही बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो. महाराष्ट्राचा ३३ हा आकडा पुण्या-मुंबईच्या पुण्याईवर उभा आहे. त्यात मेळघाटचे अश्रू मिसळून गेले आहेत. खरी उपेक्षेची रेषा दोन राज्यांच्या मधून जात नाही. ती सातपुड्याच्या चढणीवरून जाते. तिच्या दोन्ही उतारांवर तोच कोरकू, तोच भिल्ल, तोच बारेला आणि तोच पावरा राहतो. भोपाळला तो शेवटचा वाटतो आणि मुंबईलाही शेवटचाच.

म्हणूनच दोघांनी मिळून त्याची जबाबदारी घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. रोग काही परवाना काढून प्रवास करीत नाही. सिकलसेलचेच पाहा. हा रक्तातला वारसा सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या आदिवासींत आहे. लग्ने सीमेपार होतात, आणि आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक या हिशेबाने आजारी मूल जन्मण्याचा धोका असतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाले; २०४७ पर्यंत रोग हटविण्याचा संकल्प आहे. संकल्प उत्तम. पण मुलगी तपासली जाते अलीकडे, नांदावयास जाते पलीकडे आणि तिचे कार्ड राहते माहेरच्या फळीवर! हंगामात रावेर-यावलच्या केळीच्या बागांत उतरणाऱ्या मजुरांच्या लेकरांचे लसीकरणही असेच अर्ध्यावर लटकते. दोन राज्यांच्या दोन वह्या. आणि मूल दोन्ही वह्यांच्या मधल्या फटीत.

ही फट बऱ्हाणपुरापुरती नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक बालके बळी पडली. त्या चिमुकल्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ लागले, तेव्हा आई-बापांनी वाट धरली ती नागपूरची. कित्येक लेकरांनी तेथेच अखेरचा श्वास घेतला. मध्य प्रदेशच्या दक्षिण सीमेवरचा गरीब माणूस प्राण कंठाशी आले की दक्षिणेकडेच धावतो. सरकारी नकाशात ती वाट नाही, पण रोग्यांच्या पायांनी ती कधीच रुजविली आहे. देडतलाईच्या माणसाला बऱ्हाणपुरापेक्षा धारणी जवळची. इच्छापूरचा माणूस मुक्ताईनगरच्या बाजाराला जातो, तसाच तेथल्या डॉक्टरकडेही जातो. आणि संकटकाळी नेमकी हीच वाट पहिली बंद होते! मार्च २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर मध्य प्रदेशाने महाराष्ट्राच्या बसगाड्या थांबविल्या. साथ रोखण्यासाठी ते आवश्यक असेलही. पण ज्या डायलिसिसच्या रोग्याला आठवड्यातून दोनदा पलीकडे जावयाचे असते, त्याची दुसरी सोय कोणती केली होती?

सीमेचा प्रश्न निघाला की आम्हांवर आरोप येतो, ‘तुम्ही रोग्याच्या आडून विलीनीकरणाचे राजकारण करता.’ आमचे मत आम्ही कधी झाकून ठेवलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. तो सल आमच्या मनातून गेलेला नाही, आणि जाणारही नाही. पण तापाने फणफणलेल्या लेकराला नकाशा दुरुस्त होईपर्यंत थांब असे सांगणारा चळवळ्या आम्ही नव्हे. रक्तस्राव निकालाची वाट पाहत नाही.

किंबहुना रोग्याला सीमावादाच्या दोरीला बांधले म्हणजे काय होते, याचा धडा दक्षिणेत मिळाला आहे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने कर्नाटकातील वादग्रस्त ८६५ गावांतील लोकांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले. कर्नाटक सरकारने त्यास उघड विरोध केला. एकाने उपकार म्हणून दिले, दुसऱ्याने आक्रमण म्हणून अडविले. आणि हृदयविकाराचा रोगी मात्र दोघांच्या मध्ये अर्ज हातात धरून उभा राहिला. त्या ८६५ गावांत बऱ्हाणपूरचे एकही गाव नाही. तेव्हा आपल्याला उपकारही नको आणि आक्रमणही नको. आपल्याला हवा आहे करार. दोन राज्यांनी समोरासमोर बसून, सह्या करून, केलेला करार.

नद्यांच्या पाण्यासाठी राज्ये करार करतात. विजेसाठी करतात, रस्त्यांसाठी करतात. तापीच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या सरकारांना तापीकाठच्या माणसाच्या रक्ताचा हिशेब ठेवता येत नाही, हे आम्ही मानावयास तयार नाही. आमच्या मागण्या नेमक्या आहेत.

पहिली : बाळंतीण, अपघात, सर्पदंश आणि अर्भक यांना घेऊन निघालेली सरकारी गाडी जवळच्या योग्य दवाखान्यात जाईल, मग तो कोणत्याही राज्यात असो. परवानगीची फोनाफोनी गाडी निघाल्यावर करावी, आधी नव्हे.

दुसरी : सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार देशातील कोणत्याही संलग्न दवाखान्यात मिळण्याची तरतूद आहे. ती कागदावरून खाली उतरावी. जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, धारणी आणि अमरावती येथील कोणत्या दवाखान्यांत बऱ्हाणपूरचे कार्ड चालते, त्याची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावी. खंडवा आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी २०१८ सालीच सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. दोन्ही येथून फार दूर नाहीत. एका दवाखान्यातून दुसऱ्यास फोन करून ‘खाट आहे, पाठवा’ असे ठरल्याशिवाय एकही रोगी ‘रेफर’ होऊ नये.

तिसरी : सीमेवरच्या दोन्ही बाजूंच्या तालुक्यांची माता, बालक आणि सिकलसेल यांची नोंदवही एक असावी, आणि दोन्हीकडच्या आशाताईंची महिन्याला एक बैठक व्हावी.

चौथी : रोग्याच्या हातात पडणारा कागद त्याला वाचता येणाऱ्या भाषेत असावा. येथे मराठी, हिंदी, उर्दू बोलणारा आहे. कोरकू आणि बारेली बोलणारा आहे. ज्याला आपल्या बायकोच्या आजाराचे नाव कळत नाही, त्याच्याकडून तुम्ही औषधाच्या वेळा पाळण्याची अपेक्षा कशी करता?

हे सारे अशक्य कोटीतले आहे असे म्हणणाऱ्यांनी शेजारी नजर टाकावी. नागपूरला शिकलेले डॉ. रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात मेळघाटातल्या बैरागडला गेले. रुपया-दोन रुपये फी घेऊन ते आणि डॉ. स्मिता कोल्हे तेथेच राहिले. २०१९ साली त्या दांपत्याला पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच बायकांना अर्भकाचे वजन घेण्यास, न्यूमोनिया ओळखण्यास, जंतुसंसर्गावर औषध देण्यास शिकविले. ३९ गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे आले, आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ती पद्धत उतरली. देवमाणसे मागून मिळत नाहीत हे आम्ही जाणतो. पण गडचिरोलीने सिद्ध केले ते असे की, देवमाणसाची वाट न पाहता गावची चार बुके शिकलेली बाईही मूल वाचवू शकते. तिला शिक्षण, औषध आणि वेळेवर मानधन मात्र हवे.

शेवटचे दोन शब्द आपल्याच लोकांना. बऱ्हाणपूरकरहो, डोंगरातला माणूस मेला की आपण ‘अडाणी आहेत, भगताकडे जातात’ असे म्हणून मोकळे होतो. त्यानेच तोडलेली केळी आपण विकतो, आणि त्याच्याच बाजारहाटावर आपली दुकाने चालतात. मग रात्री दोन वाजता तो शहराच्या वेशीवर येतो तेव्हा आपले दार का उघडत नाही? या शहरात आयुर्वेदाचे आणि युनानीचे महाविद्यालय आहे, डॉक्टर आहेत, औषधविक्रेते आहेत, गणेशोत्सवाची मंडळे आहेत, ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांचे मालक आहेत. प्रत्येक मोहल्ल्याने एक गाडी आणि दोन माणसे रात्रीपुरती राखून ठेवली, रक्तदात्यांची एक वही ठेवली, रोग्याबरोबर आलेल्या माणसाचा कागद वाचून देण्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या दारात एक शिकलेला तरुण बसविला, तर सरकार जागे होईपर्यंत किती जीव वाचतील! आणि हे करीत असतानाच सरकारला स्वस्थ झोपू द्यायचे नाही. प्रत्येक ग्रामसभेने ठराव करावा, प्रत्येक ठराव भोपाळला आणि मुंबईला दोहोंकडे जावा. दोन्ही राजधान्यांच्या टेबलांवर त्यांचा ढीग पडला पाहिजे.

तो शेतमजूर त्या संध्याकाळी तिन्ही कागद घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघून गेला. त्याचा प्रश्न आमच्या पायरीवर राहिला आहे. ‘मी कुठं उशीर केला?’ बाबा रे, तू उशीर केला नाहीस. उशीर केला तो दोन सरकारांनी, आणि त्यांना जाब न विचारता बसून राहिलेल्या आम्ही शहाण्यासुरत्या शहरवासीयांनी. तो यापुढे होऊ नये, एवढ्यासाठी हा लढा आहे.